शाश्वत, नित्य, सनातन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी उपनिषदांचं वाचन चालतं. कठोपनिषद सुरू झालं की पुढचे पंधरा दिवस माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न येत राहतात. काही वर्गातल्या मंडळींचे असतात, काही त्यांच्या घरच्यांचे, काही अगदी अनोळखी माणसांचे. ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो आली तशीच ठेवली आहे. आधी सोपे प्रश्न, मग अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शाश्वत, नित्य, सनातन, अविनाशी... हे सगळे एकाच अर्थाचे शब्द आहेत ना, ताई?

नाहीत. कठोपनिषदातली आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली (२.२०) ही ओळ पाहा: "अजो नित्यः शाश्वतोऽयं पुराणः". आत्म्याला एका दमात चार विशेषणं लावली आहेत. चारही शब्दांचा अर्थ एकच असता, तर तीन शब्द वाया गेले असते.

यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या जुन्या ग्रंथात, वस्तूच्या सहा अवस्था सांगितल्या आहेत: जन्मणं, असणं, बदलणं, वाढणं, झिजणं, नष्ट होणं. शंकराचार्य हा श्लोक उलगडताना याच विकारांचा एकेक करून निषेध करतात. अज म्हणजे ज्याला जन्म नाही. नित्य म्हणजे ज्याला मरण नाही. शाश्वत म्हणजे जो झिजत नाही. पुराण म्हणजे जो वाढत नाही, पूर्वीही नवा होता आणि आजही तितकाच नवा आहे. मराठीत आपण "पुराणातली वांगी" म्हणतो आणि पुराण म्हणजे जुनंपुराणं असं धरून चालतो. इथे अर्थ जवळजवळ उलटा आहे.

२. या शब्दांची फोड कशी होते?

शाश्वत हा "शश्वत्" या शब्दापासून आला. ऋग्वेदात शश्वत् म्हणजे पुन्हा पुन्हा, एकामागून एक, अखंड. उषा रोज उगवते, ती शश्वत्. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी न हलणारा दगड नाही, पुन्हा पुन्हा येणारी पहाट आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, पुढे प्रश्न ४ मध्ये त्याचा उपयोग होईल.

सनातन म्हणजे "सना" (सदा, पूर्वीपासून) अधिक "तन". हा तन आपल्या ओळखीचा आहे. पुरातन, चिरंतन, अद्यतन हे शब्द त्यानेच बनतात. अद्यतन म्हणजे आजचं, श्वस्तन म्हणजे उद्याचं, आणि सनातन म्हणजे सदाचं.

नित्य हा शब्द "नि" या उपसर्गाला "त्य" लागून झाला. वेदात त्याचा जुना अर्थ आपला, स्वतःचा, घरचा असा आहे. परक्याच्या उलट. जे आपलं स्वतःचं आहे ते सोडून जात नाही, तिथून "कायमचं" हा अर्थ आला असावा असं मला वाटतं.

अक्षर म्हणजे जे क्षरत नाही, पाझरून संपत नाही. वर्णालाही अक्षर म्हणतात आणि ब्रह्मालाही. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्य ऋषीला विचारते की हे आकाश कशात ओवलेलं आहे, तेव्हा तो उत्तर देतो: अक्षरात. सूर्य आणि चंद्र त्याच्याच शासनात आपापल्या जागी उभे आहेत, असं तो पुढे सांगतो.

३. माझी आजी हरिपाठाला नित्यपाठ म्हणते. मग नित्य म्हणजे रोज की कायमचं?

दोन्ही, आणि हे दोन अर्थ फार जुने आहेत. पाणिनीच्या व्याकरणावर महाभाष्य लिहिणाऱ्या पतंजलीने हाच मुद्दा घेतला आहे. तो म्हणतो की नित्य हा शब्द न हलणाऱ्या, न बदलणाऱ्या वस्तूंनाच लावतात असं नाही. वारंवार घडणाऱ्या गोष्टीलाही लावतात. त्याचं उदाहरण आहे "नित्यप्रहसित", म्हणजे सदा हसणारा, आणि "नित्यप्रजल्पित", म्हणजे सदा बडबडणारा. असा माणूस झोपेत हसत नाही, तरी त्याला नित्य हसणारा म्हणतात.

मीमांसेतलं, म्हणजे वेदातल्या कर्मांचा विचार करणाऱ्या दर्शनातलं, नित्यकर्म याच जातीचं. संध्या नित्य आहे म्हणजे ती चुकवायची नाही. अमुक प्रसंग आला म्हणून करतात ते नैमित्तिक, काही हवं म्हणून करतात ते काम्य. तेव्हा आजीचा शब्द अगदी चोख आहे.

४. नित्याचे प्रकार असतात म्हणे. कायमचं ते कायमचं, त्यात प्रकार कसले?

या पानावरचा हा सर्वांत कळीचा प्रश्न आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात स्पष्ट म्हटलं आहे की नित्यता दोन प्रकारची असते, कूटस्थ नित्यता आणि परिणामी नित्यता. पुरुष, म्हणजे जाणणारं चैतन्य, कूटस्थ नित्य, तर ज्यांतून जड जग बनतं ते सत्त्व, रज, तम हे गुण परिणामी नित्य.

परिणामी नित्य म्हणजे रूप बदलत राहतं पण तत्त्व टिकून राहतं. माझी आई गेल्यावर तिच्या पाटल्या घेऊन मी इतवारीच्या सराफ्यात गेले होते. मुलीसाठी कानातलं करायचं होतं. कारागिराने पाटल्या मुशीत ठेवल्या, खाली ज्योत धरली. कडा आधी मऊ झाल्या, मग नक्षी विरघळली, मग एक थरथरणारा पिवळा थेंब राहिला. पाटली संपली होती. सोनं तेवढंच होतं, काट्यावर तोलूनही पाहिलं. त्या क्षणी मला महाभाष्यातलं सोनं आठवलं. पतंजली हेच सांगतो: गोळा मोडून रुचक नावाचे दागिने होतात, रुचक मोडून कडी होतात, कडी मोडून स्वस्तिक होतात, पुन्हा गोळा होतो, त्याची कुंडलं होतात. आकृती वेगवेगळी, द्रव्य तेच. दोन हजार वर्षांपूर्वीचा दृष्टांत त्या दुकानात माझ्या डोळ्यांपुढे घडत होता, आणि आईच्या हातातली वस्तू समोर वितळताना पाहायला त्याचा आधारही झाला.

कूटस्थ नित्य म्हणजे ज्यात रूपही बदलत नाही. कूट म्हणजे लोहाराची ऐरण. तिच्यावर विळे, कुऱ्हाडी, नाल सगळं ठोकून घडतं, ती मात्र तशीच राहते. कूटचा शिखर असाही अर्थ घेतात. शंकराचार्यांनी गीतेच्या बाराव्या अध्यायात आणखी वेगळा अर्थ केला आहे, पण ऐरणीने काम भागतं.

तिसरा प्रकार पुढच्या ग्रंथकारांनी नावारूपाला आणला, तो म्हणजे प्रवाह नित्य. इथे तत्त्व म्हणून एक वस्तू टिकते असंही नाही, फक्त साखळी तुटत नाही. वैनगंगेचं पाणी रोज वेगळं, नदी तीच. बीजातून झाड, झाडातून बीज. संसार अनादि आहे असं म्हणतात तेव्हा बहुधा हाच अर्थ असतो. शश्वत् शब्दातली पुन्हा पुन्हा येणारी पहाट (प्रश्न २) याच प्रकारात बसते.

म्हणून कोणी "अमुक शाश्वत आहे" म्हटलं की आमच्या वर्गात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ऐरणीसारखं, सोन्यासारखं की नदीसारखं? निम्मे वाद तिथेच मिटतात.

५. शाश्वत विकास, शाश्वत शेती हे शब्द मग चुकीचे आहेत का?

मला ते चुकीचे वाटत नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली १७ ध्येयं स्वीकारली, त्यांना मराठीत शाश्वत विकास ध्येयं म्हणतात. विदर्भातला कापूस उत्पादक शाश्वत शेतीचं प्रशिक्षण घेतो, तेव्हा त्याला न बदलणारी शेती नको असते. जमीन पुढच्या वर्षीही पिकली पाहिजे, त्याच्या पुढच्या वर्षीही. पुन्हा पुन्हा पिकणं म्हणजे शश्वत्. शब्दाच्या मूळ अर्थाला हा वापर जवळचाच आहे.

आणि आपल्या बोलण्यात "पावसाची शाश्वती नाही", "नोकरीची शाश्वती नाही" हे आहेच. तिथे शाश्वती म्हणजे भरवसा. शाश्वत हे विशेषण आणि शाश्वती हे नाम, हा फरक लिहिताना पाळावा. "शाश्वत्" असं पाय मोडून लिहू नये.

६. शाश्वत म्हणजे खूप म्हणजे खूप लांबचा काळ, असंच ना?

नाही. लांब काळ कितीही ताणला तरी तो मोजता येतो. घरी सत्यनारायण असला की गुरुजी संकल्प सांगतात आणि आपण हातात पाणी घेऊन बसतो. त्यात काय येतं ते एकदा कान देऊन ऐका. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचं दुसरं परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं युगचक्र, कलियुगाचा पहिला चरण, मग शालिवाहन शक, मग आजची तिथी, आणि स्थळ म्हणून गोदावरीचा उत्तर तीर, कारण नागपूर गोदावरीच्या उत्तरेला. एका श्वासात आपण ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून आपल्या पाटापर्यंत येतो.

यातले आकडे असे: कलियुग ४,३२,००० वर्षांचं. चार युगांचं एक महायुग ४३,२०,००० वर्षांचं. अशी हजार महायुगं म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे ४३२ कोटी वर्षं. तेवढीच रात्र. अशा दिवसरात्रींची ३६० जोडली की त्याचं एक वर्ष, आणि आयुष्य शंभर वर्षांचं. संकल्पातलं "दुसरं परार्ध" म्हणजे त्यातली पन्नास वर्षं संपली.

आकडा छाती दडपवणारा आहे, पण त्याला शेवट आहे. ब्रह्मदेवही जातो. गीतेत म्हटलं आहे की ब्रह्मलोकापासून खालचे सगळे लोक पुन्हा माघारी आणणारे आहेत (८.१६). वेदान्तात शाश्वत म्हणतात ते या मोजणीच्या पलीकडचं असतं. मांडूक्योपनिषद म्हणतं की झालेलं, असलेलं, होणारं सगळं ओंकार आहे, आणि तिन्ही काळांच्या पलीकडे जे आहे तेही ओंकारच. मराठीतला "त्रिकालाबाधित" हा शब्द याच विचारातून आला. तिन्ही काळांत ज्याचा बाध होत नाही, म्हणजे जे खोटं ठरत नाही, ते.

७. देव तर अमर आहेत. आणि सात चिरंजीव? ते शाश्वत नाहीत?

चिरं म्हणजे दीर्घकाळ. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप आणि परशुराम हे चिरंजीव आहेत, म्हणजे दीर्घायुषी. लग्नपत्रिकेत मुलाच्या नावाआधी चि. लिहितो तेही या आशीर्वादापोटीच. देवांचं अमरत्वही सापेक्ष आहे. विष्णुपुराण सांगतं की प्रलय होईपर्यंत टिकून राहणं यालाच अमृतत्व म्हटलं जातं. इंद्र हे पद आहे, मन्वंतर बदललं की इंद्रही बदलतो.

याहून वेगळं अमृतत्व याज्ञवल्क्याची पत्नी मैत्रेयी हिने मागितलं. याज्ञवल्क्य घर सोडताना संपत्तीची वाटणी करू लागला, तेव्हा ती म्हणाली: ज्याने मी अमृत होणार नाही ते घेऊन मी काय करू? तिला लांब आयुष्य नको होतं. हा संवाद वर्गात वाचताना दरवेळी कोणीतरी पुस्तक मिटून गप्प बसतं, आणि आम्हीही त्या दिवशी पुढे वाचत नाही.

८. पुण्य केलं तर स्वर्ग कायमचा मिळतो का?

नाही. छांदोग्य उपनिषदात सरळ म्हटलं आहे: इथे कष्टाने मिळवलेलं जसं संपतं, तसंच तिथे पुण्याने मिळवलेलंही संपतं. गीतेतही (९.२१) पुण्य सरलं की जीव मर्त्यलोकात येतो. जे मिळवलं जातं, म्हणजे कधीतरी सुरू होतं, ते संपतं, हा यामागचा नियम. त्यातून निघणारी अडचण प्रश्न १६ मध्ये आहे.

९. ताम्रपटात "चंद्रसूर्य असेपर्यंत" असं लिहितात. हीसुद्धा शाश्वतता का?

हा प्रश्न एका इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाठवला आणि मला मनापासून आवडला, कारण आपल्याच भागातलं उत्तर देता येतं. विदर्भातल्या वाकाटक राजघराण्याची जुनी राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या प्रवरसेनाचा एक ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मकचा आहे. त्यात चर्मांक गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिलं आहे, चंद्र आणि सूर्य असेपर्यंत, मुलानातवंडांनी उपभोगायचं.

पण लगेच अटी येतात. त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, ब्रह्महत्या करू नये, लढाया करू नयेत, दुसऱ्या गावांना त्रास देऊ नये. तसं वागले तर राजाने जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. म्हणजे चंद्रसूर्याची मुदत, आणि तरीही अटींवर. कायद्याच्या भाषेतली ही "कायमची" गोष्ट आहे, वेदान्ताची नव्हे. करारातलं कायमचं आणि आत्म्याचं कायमचं यांची गल्लत होऊ देऊ नये. चंद्रसूर्यही कल्पाच्या हिशोबातच बसतात (प्रश्न ६).

१०. सनातन हे हिंदू धर्माचं जुनं नाव आहे का? ग्रंथांत तसं आलंय का?

जुन्या ग्रंथांत सनातन हे बहुतेक विशेषण म्हणून येतं, आणि ते कशाला लावलंय ते दरवेळी पाहावं लागतं. गीतेत हा शब्द पहिल्यांदा येतो तो अर्जुनाच्या तोंडी, आणि तिथे तो कुलधर्मांना लावलेला आहे (१.४०). दुसऱ्या अध्यायात आत्मा सनातन आहे. पंधराव्यात जीव हा माझा सनातन अंश आहे असं भगवंत म्हणतात. अकराव्यात अर्जुन श्रीकृष्णालाच सनातन पुरुष म्हणतो, आणि त्याच श्लोकात "शाश्वतधर्मगोप्ता", म्हणजे शाश्वत धर्माचा राखणदार, हा शब्दही आहे.

मनुस्मृतीत (४.१३८) "एष धर्मः सनातनः" असं येतं ते बोलण्याच्या नियमाबद्दल. खरं बोलावं, प्रिय बोलावं, खरं असलं तरी बोचरं बोलू नये, प्रिय असलं तरी खोटं बोलू नये, हा सनातन धर्म. "एष धर्मः सनातनः" हा जुन्या वाङ्मयातला ठरलेला शेवट आहे. पूर्वापार चालत आलेली रीत सांगून झाली की तो येतो.

संपूर्ण परंपरेचं नाव म्हणून हा शब्द रुळला तो एकोणिसाव्या शतकात. १८७५ साली आर्य समाज स्थापन झाला, इतर सुधारक मंडळीही होती, त्यांच्यापुढे जुन्या रीतीला धरून राहणारे स्वतःला सनातनी म्हणवू लागले. आज कोणी हे नाव प्रेमाने घेत असेल तर त्यात वावगं काही नाही. मात्र जुन्या श्लोकात ते नाव शोधायला जाऊ नये, तिथे विशेषणच सापडेल.

११. दीक्षाभूमी आपल्याच गावात. बौद्ध मतात तर काहीच शाश्वत नाही. मग यांचं भांडण नेमकं कशावर आहे?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली. त्यामुळे नागपुरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. आमच्या वर्गात शेजारी शेजारी बसलेल्या दोघांच्या घरी या प्रश्नाची दोन उत्तरं असतात.

बौद्ध विचारात सगळे संस्कार अनित्य आहेत. संस्कार म्हणजे कारणांनी घडलेल्या सगळ्या गोष्टी. न बदलणारा आत्मा तिथे मान्य नाही. पण "मेल्यावर सगळं संपलं" हेही मान्य नाही. बुद्धांनी शाश्वतवाद आणि उच्छेदवाद दोन्ही टोकं नाकारली. निर्वाण मात्र असंस्कृत आहे, म्हणजे कारणांनी न घडलेलं. वैशेषिक दर्शनाच्या सूत्रातली नित्याची व्याख्या याच्या शेजारी ठेवून पाहा: "सदकारणवन्नित्यम्", जे आहे आणि ज्याला कारण नाही ते नित्य. कारणाने घडलेलं टिकत नाही, इथपर्यंत दोघंही बरोबर चालतात. वाट फुटते ती पुढे, जाणणारा कोणी एक टिकून आहे का, या प्रश्नावर. "काल पाहिलं तेच मी आज ओळखतो" या अनुभवावर न्याय (तर्काचं दर्शन) आणि वेदान्त यांचा भर. दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असूनही एकच वाटते, यावर बौद्धांचा. मला स्वतःला आत्म्याचा पक्ष पटतो, पण ज्योतीचा दृष्टांत हलका समजणाऱ्याला वाद कळलेलाच नाही, असं मी म्हणेन.

आणि धम्मपदातली ही गाथा नागपूरकराला पाठ असावी. वैराने वैर कधीच शमत नाही, अवैराने शमतं, "एस धम्मो सनन्तनो". सनन्तन म्हणजे सनातन. मागच्या उत्तरातला तोच शेवट, पालीत.

१२. आत्म्याशिवाय दुसरं काही नित्य आहे का?

कोणाला विचारता त्यावर आहे. न्याय-वैशेषिकांची यादी मोठी: पृथ्वी, जल, तेज, वायू यांचे परमाणू, शिवाय आकाश, काल, दिशा, आत्मे आणि मन. सांख्यांच्या मते पुरुष आणि प्रकृती, म्हणजे जड जगाचं मूळ. मध्वाचार्यांच्या द्वैतात ईश्वर, जीव आणि जड तिन्ही आहेत आणि त्यांच्यातला भेदही कायमचा आहे. अद्वैतात शेवटी एकटं ब्रह्म.

विदर्भातल्या माणसाने यात एक नाव आवर्जून घालावं. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार अनादि आणि एकमेकांपासून वेगळे पदार्थ आहेत. या पंथाचं क्षेत्र रिद्धपूर इथून फार लांब नाही, आणि हे तत्त्वज्ञान तेराव्या शतकात मराठीत बोललं गेलं. संस्कृत दर्शनांच्या तक्त्यात ते सहसा दिसत नाही, याची मला खंत वाटते.

जैन दर्शनाची व्याख्याही इथेच नोंदवते: उत्पत्ती, व्यय आणि ध्रौव्य तिन्ही जिच्यात एकत्र असतात तीच सत् वस्तू. सोन्याचा दृष्टांत तिथेही लागू पडतो.

१३. शब्द नित्य आहे म्हणतात. मी बोललो आणि आवाज विरला, मग नित्य कसा?

नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे लोक, तुमच्याच बाजूने आहेत, शब्द उत्पन्न होतो आणि जातो. मीमांसक म्हणतात की विरतो तो ध्वनी. ध्वनी शब्दाला प्रकट करतो, निर्माण करत नाही. तुम्ही "गाय" म्हटलं आणि मी "गाय" म्हटलं, तर शब्द दोन झाले असं आपल्याला वाटत नाही. वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेले, मानायचे तर त्यांना हे लागतंच.

पतंजलीचा युक्तिवाद मला सर्वांत गोड वाटतो. ज्याला घट हवा तो कुंभाराच्या घरी जातो आणि म्हणतो, मला घट करून दे. पण ज्याला बोलायचं आहे तो वैयाकरणाच्या घरी जाऊन म्हणत नाही की मला शब्द करून द्या, मी ते वापरणार आहे. मार्च संपत आला की नागपुरात रस्त्याच्या कडेला माठांच्या रांगा लागतात. बोटाने टिचकी मारून, आवाज ऐकून आपण माठ निवडतो. शब्द असे कोणी मांडून ठेवत नाही. ते आधीच असतात.

१४. जे अनादि असतं ते अनंत असणारच ना?

नाही, इथेच परीक्षेत पोरं अडकतात. चार शक्यता आहेत. अनादि आणि अनंत: आत्मा. सादि (सुरुवात असलेलं) आणि सांत (शेवट असलेलं): माठ. या दोन सोप्या.

तिसरी अनादि पण सांत. माठ घडायच्या आधी माठ नव्हता. हे "नसणं" कधी सुरू झालं? कधीच नाही, ते अनादि. पण माठ घडला की ते संपलं. नैयायिक याला प्रागभाव म्हणतात. अद्वैतातली अविद्या अशीच आहे, सुरुवात नाही पण ज्ञानाने शेवट आहे.

चौथी सादि पण अनंत. माठ फुटला. फुटण्याला सुरुवात आहे, पण तो माठ फुटलेला असणं आता कधीच संपणार नाही. हा प्रध्वंसाभाव. म्हणून नैयायिक नित्याची व्याख्या करताना दोन्ही बाजू बंद करतात, ज्याला प्रागभावही नाही आणि ध्वंसही नाही ते नित्य.

१५. "मृतात्म्यास चिरशांती लाभो" असं लिहितो. आत्मा मरतच नाही तर मृतात्मा कसा?

समास कसा सोडवता त्यावर आहे. "मृत असा आत्मा" ही कर्मधारयाची फोड घेतली तर गीतेशी विरोध होतो. "मृताचा आत्मा", म्हणजे गेलेल्या माणसाचा आत्मा, ही षष्ठी तत्पुरुषाची फोड घेतली तर काहीच अडचण नाही. चिरशांतीतला चिर मात्र दीर्घकाळच (प्रश्न ७).

पण कोणाच्या घरी दुःख असताना त्यांचा संदेश दुरुस्त करायला जाऊ नका. हा प्रश्न मला अंबाझरी घाटावरून परत आलेल्या एका मुलाने वडिलांच्या दहाव्याच्या आधी विचारला होता. त्याला व्याकरण नको होतं, वडील कुठे तरी आहेत का हे हवं होतं. मी त्याला षष्ठी तत्पुरुष सांगितला. "मृताचा" म्हटलं की आत्मा मृत राहत नाही, एवढंच. त्याने वर्तमानपत्रातला मजकूर तसाच ठेवला.

१६. मोक्ष मिळतो म्हणजे तो सुरू होतो. सुरू होणारं संपतं, असं तुम्हीच प्रश्न ८ मध्ये म्हणालात. मग मोक्ष कसा टिकणार?

अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. दर्शनांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

नैयायिकांचं उत्तर प्रश्न १४ मधल्या चौथ्या खणात आहे. मोक्ष म्हणजे दुःखाचा पूर्ण ध्वंस, आणि ध्वंसाला सुरुवात असली तरी शेवट नसतो. फुटलेला माठ पुन्हा न फुटलेला होत नाही. वेदान्ताचा आधार असलेल्या ब्रह्मसूत्रांचं शेवटचं सूत्र, "अनावृत्तिः शब्दात्", श्रुतीच्या आधारे सांगतं की तिथून परतणं नाही.

शंकराचार्य प्रश्नाचं मूळच नाकारतात. त्यांच्या मते मोक्ष उत्पन्न होत नाही, गाठला जात नाही, कशात बदल होऊन बनत नाही, घासूनपुसून उजळवलाही जात नाही. यांपैकी काहीही असता तर तो अनित्य ठरला असता. तो आधीपासून होताच, फक्त कळला नव्हता. यासाठी वेदान्ती जुना दृष्टांत देतात. एक बाई गळ्यातला सोन्याचा हार हरवला म्हणून घरभर शोधते, डबे उघडते, अंथरुणं झटकते. शेजारीण आत येते आणि म्हणते, अगं, गळ्यातच आहे की. तिचा हात गळ्याशी जातो.

हार त्या क्षणी मिळाला असं ती म्हणेल. पण तो त्या क्षणी आला कुठून?